गेम कन्सोलला एचडीएमआय खरंच किती लागतं?

नोव्हेंबर २००५मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत विक्रीला आला. हाय डेफिनिशनच्या पिढीतला पहिला कन्सोल म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण त्याच्या पाठीमागे एचडीएमआयचं पोर्टच नव्हतं. वर्षभराने प्लेस्टेशन ३ आलं ते प्रत्येक मॉडेलवर एचडीएमआय घेऊन. तेही सहजासहजी घडलं नाही. मे २००६मध्ये सोनीने जाहीर केलेल्या २० जीबीच्या स्वस्त मॉडेलमधून हे पोर्ट वगळलेलं होतं. सप्टेंबरमध्ये कंपनीने निर्णय फिरवला आणि ते परत आलं. प्लेस्टेशन ३च्याच महिन्यात निन्टेन्डोचा वी बाजारात आला. त्याला हाय डेफिनिशनचं चित्र काढताच येत नव्हतं, त्यामुळे एचडीएमआयचा विषयच नव्हता.

एकाच पिढीतल्या तीन कंपन्यांनी एकाच प्रश्नाला तीन उत्तरं दिली. तेव्हापासून हा प्रश्न दर पिढीला नवे आकडे घेऊन परत येतो: ७२०पी की १०८०पी, १०८०पी की ४के, ६० हर्ट्झ की १२०. माझ्या मते याचं उत्तर काळाबरोबर बदललं आहे, आणि लोक समजतात त्याच्या उलट दिशेने बदललं आहे. २००६मध्ये एचडीएमआयवरून जेवढा वाद झाला, तेवढं ते खेळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं नव्हतं. आज ते प्रत्येक टीव्हीला असतं म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नाही. पण ते कुठल्या क्षमतेचं आहे यावर आज खेळाचा हाताला येणारा अनुभव ठरतो.

आधी पिवळ्या तारेबद्दल बोलू. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची केबल आपल्याकडे घराघरांत डीव्हीडी प्लेअरबरोबर आली. लाल-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. या एका पिवळ्या तारेतून उजेडाची आणि रंगाची माहिती एकमेकांत मिसळून जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. ती कधीच पूर्ण वेगळी होत नाही. लाल अक्षरांच्या कडा पाझरतात, बारीक रेघांच्या जवळ ठिपके सरकत राहतात. शिवाय ही तार ४८० किंवा आपल्या पाल पद्धतीत ५७६ ओळींच्या पुढे जात नाही, आणि त्याही ओळी एकाआड एक अशा दोन हप्त्यांत पडद्यावर येतात. प्लेस्टेशन ३च्या खोक्यात सोनीने हीच तार दिली होती. एचडीएमआयची केबल वेगळी विकत घ्यायची. ६० जीबीच्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत ५९९ डॉलर होती. 'फुल एचडी'च्या नावाने घेतलेलं हे यंत्र खोक्यातल्या तारेने जोडलं, तर चित्र डबा टीव्हीच्याच दर्जाचं दिसायचं. ती तार बदलायची असते हे माहीतच नसलेल्या माणसाला कन्सोलमध्ये काही विशेष दिसलं नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

एक्सबॉक्सच्या महागड्या मॉडेलबरोबर निदान कॉम्पोनंट केबल मिळायची. हिरवी, निळी, लाल अशा चित्राच्या तीन वेगळ्या तारा, शेजारी पिवळी, आणि यंत्राकडच्या जाड प्लगवर एक छोटा खटका: एका बाजूला 'टीव्ही', दुसऱ्या बाजूला 'एचडीटीव्ही'. खटका चुकीच्या बाजूला राहिला की पडदा काळा किंवा चित्र जुन्याच दर्जाचं. स्वस्तातल्या 'कोअर' मॉडेलबरोबर मात्र इथेही पिवळी तारच होती.

हाय डेफिनिशनने फरक पडत नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याला 'डेड रायझिंग'चं उदाहरण देतो. कॅपकॉमचा हा खेळ २००६मध्ये एक्सबॉक्स ३६०वर आला. मॉलमध्ये अडकलेला छायाचित्रकार, भोवती झॉम्बींचे थवे, आणि ओटिस नावाचा मॉलचा सफाई कामगार वॉकीटॉकीवरून कुठे कोण अडकलंय ते कळवत राहतो. ओटिसचे हे निरोप आवाजात नाहीत, पडद्याच्या खालच्या भागात अक्षरांत येतात. ती अक्षरं ७२०पीच्या पडद्याच्या हिशेबाने आखलेली होती. डबा टीव्हीवर ती वाचताच येत नव्हती, आणि खेळात वेळेचं घड्याळ सतत पुढे पळत असल्याने कोणाला वाचवायचं हे न कळणं म्हणजे खेळच हातचा जाणं. दोन वर्षांनी 'बॅन्जो-कझूई'च्या नव्या भागात हीच तक्रार झाली आणि तिथे अपडेट देऊन अक्षरं वाचण्याजोगी करावी लागली. या खेळाडूंना ठिपक्यांची संख्या हौसेसाठी नको होती. त्यांना वाचायचं होतं.

पण ही अक्षरं वाचायला एचडीएमआय लागत होतं का? नाही. कॉम्पोनंट केबलने ती स्वच्छ वाचता यायची, व्हीजीए केबलनेही यायची. मूळ वादातली गफलत इथेच आहे. पिवळ्या तारेवरून कॉम्पोनंटवर गेलं की चित्रात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॉम्पोनंटवरून एचडीएमआयवर गेलं की तेच ७२०पीचं चित्र थोडं अधिक नेमकं येतं. चांगल्या केबलवर तो फरक शोधावा लागतो. त्यातून त्या वेळच्या बहुतेक 'एचडी रेडी' पडद्यांची खरी मापं १३६६ बाय ७६८ होती, म्हणजे ७२०पी असो की १०८०, टीव्ही ते चित्र ताणून किंवा आवळूनच दाखवत होता. तारेतून एकेक ठिपका जसाच्या तसा आला तरी पडद्यावर तो जसाच्या तसा उमटणार नव्हता.

त्या काळातली सर्वांत बोलकी गोष्ट आज फार थोड्यांना आठवते. एक्सबॉक्स ३६०मध्ये चित्राचं माप बदलणारी स्वतंत्र चिप होती. खेळ ७२०पीत तयार झालेला असला तरी टीव्हीला जे माप चालतं त्यात ती ते चित्र बदलून देई. प्लेस्टेशन ३मध्ये हे काम सुरुवातीला नीट होत नव्हतं. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या एचडी टीव्हींना फक्त ४८०पी आणि १०८०आय ही दोनच मापं कळत. ७२०पी त्यांना चालत नसे. अशा टीव्हीवर 'रेझिस्टन्स: फॉल ऑफ मॅन'सारखा ७२०पीचा खेळ लावला की प्लेस्टेशन ३ ते चित्र १०८०आयमध्ये चढवण्याऐवजी थेट ४८०पीवर उतरवत असे. म्हणजे एचडीएमआय नसलेला कन्सोल त्या घरात हाय डेफिनिशन दाखवत होता आणि एचडीएमआय असलेला दाखवत नव्हता. पाठीमागे कुठलं भोक आहे यापेक्षा आत बसलेली चिप काय करते हे किती निर्णायक असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग सोनीने एचडीएमआयचा एवढा आग्रह का धरला? याचं उत्तर खेळात नाही, सिनेमात आहे. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२मध्ये आली ती सात कंपन्यांनी मिळून: हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा. या तारेबरोबर एचडीसीपी नावाचं कुलूप येतं. इंटेलने तयार केलेली ही पद्धत यंत्र आणि टीव्ही यांच्यातला मजकूर सांकेतिक करते, हेतू हा की मध्ये कोणी नक्कल करू नये. कॉम्पोनंटच्या तारांना असं कुलूप नाही. सिनेमा कंपन्यांना ते हवं होतं. सोनीची स्वतःची सिनेमा कंपनी होती, आणि प्लेस्टेशन ३ हे ब्लू-रेचा प्रसार करणारं यंत्रही होतं.

ब्लू-रेच्या नियमांत अशीही सोय होती की चकतीने सांगितलं तर कुलूप नसलेल्या तारांवर चित्र ९६० बाय ५४०पर्यंत उतरवायचं. तिचा वापर फारसा झाला नाही. पण २०११पासून बनलेल्या यंत्रांवर बंधन कडक झालं, आणि त्या वर्षापासूनच्या प्लेस्टेशन ३ मॉडेलवर कॉम्पोनंट केबलने ब्लू-रे सिनेमा फक्त जुन्या दर्जात दिसू लागला. खेळ मात्र त्याच यंत्रातून, त्याच तारेने, त्याच टीव्हीवर पूर्वीसारखाच हाय डेफिनिशनमध्ये चालत राहिला. तार हाय डेफिनिशन वाहायला समर्थ होती. तिला सिनेमापुरती बंदी होती, एवढंच.

या कुलपाचा त्रास नंतर खेळणाऱ्यांनाही झाला. २०१३मध्ये प्लेस्टेशन ४ आलं तेव्हा त्यातून जुन्या तारा पूर्ण गेल्या होत्या आणि एचडीएमआयवरचं कुलूप खेळ चालू असतानाही लागलेलंच असे. आपला खेळ बाहेरच्या यंत्रावर ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्यांना काळा पडदा मिळे. एप्रिल २०१४च्या अपडेटमध्ये ते बंद करण्याची मुभा आली. स्वतः खेळलेला खेळ स्वतः जपून ठेवण्यासाठी माणसाला जवळजवळ सहा महिने थांबावं लागणं मला आजही चुकीचं वाटतं.

मायक्रोसॉफ्टची बाजूही पुरती बरोबर ठरली नाही. २००६च्या अखेरीस त्यांनी सॉफ्टवेअर अपडेटने कॉम्पोनंट आणि व्हीजीएवर १०८०पी दिलं खरं, पण कित्येक टीव्ही कॉम्पोनंटवर १०८०पी स्वीकारतच नव्हते. एप्रिल २००७मध्ये 'एलिट' मॉडेलवर एचडीएमआय आलंच. त्याआधीच्या सतरा महिन्यांत ज्यांनी कन्सोल विकत घेतला, त्यांना नंतर पोर्ट बसवून घेण्याचा मार्ग नव्हता. खेळापुरतं त्यांचं फार बिघडलं नाही. टीव्ही बदलल्यावर मात्र मागच्या भोकांची अडचण त्यांना जाणवली असणार.

आता आतलं चित्र. तारेतून १०८०पी जात असलं तरी कन्सोल तेवढे ठिपके खरोखर काढतो का? 'हेलो ३' (२००७) आतून ११५२ बाय ६४०वर चालत होता. त्याच वर्षीचा 'कॉल ऑफ ड्यूटी ४' १०२४ बाय ६००वर. दोन्ही खेळांची त्या काळी देखणे म्हणून वाखाणणी झाली, आणि दोन्ही ७२०पीसुद्धा नव्हते. कारण सरळ हिशेबाचं आहे. एक्सबॉक्स ३६०च्या ग्राफिक्स चिपशेजारी चित्र रंगवण्यासाठी १० एमबीची अतिवेगवान मेमरी होती. ७२०पीचे ९,२१,६०० ठिपके, प्रत्येकाला रंगासाठी चार बाइट आणि खोलीसाठी चार, असे सात एमबीच्या वर लागतात. तेवढं मावतं. कडा मऊ करण्यासाठी प्रत्येक ठिपक्याचे दोन नमुने घेतले की दुप्पट लागतं, आणि मग चित्र तुकड्यातुकड्यांनी रंगवावं लागतं. 'हेलो ३'च्या कर्त्यांना प्रकाशाची जास्त खोली हवी होती म्हणून त्यांनी ठिपके कमी केले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! प्लेस्टेशन ३च्या एचडीएमआय १.३मध्ये सेकंदाला १०.२ गिगाबिट वाहण्याची जागा होती. ६० हर्ट्झचं १०८०पी त्याच्या निम्म्याहून कमी जागेत बसतं, आणि त्या यंत्रावरच्या बहुतेक खेळांना तेवढंही जमत नव्हतं. 'रिज रेसर ७'सारखे अपवाद होते, त्यांचं कौतुक जरूर करावं.

बाजाराचा निकालही लक्षात घ्यावा. त्या पिढीत सर्वांत जास्त खपला तो वी, जगभरात १० कोटींहून अधिक. बाकीचे दोघे साडेआठ कोटींच्या आसपास. हातातला रिमोट हलवून टेनिस खेळणाऱ्या घरांना ओळींची संख्या अडली नाही. निन्टेन्डोला मात्र पुढे ती अडली: मोठ्या एलसीडीवर वीचं चित्र धूसर दिसे, आणि २०१२च्या वी यूला त्यांनी एचडीएमआय तर दिलंच, केबलही खोक्यात घातली.

भारतात हे सगळं आणखी निराळ्या वेळी घडलं. एक्सबॉक्स ३६० इथे २००६मध्ये आला, प्लेस्टेशन ३ त्याच्या पुढच्या वर्षी. दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं ते ऑक्टोबर २०१०मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. मधल्या तीन-चार वर्षांत ज्या थोड्या घरांत सपाट पडदा आणि कन्सोल दोन्ही होते, तिथे हाय डेफिनिशनची ओळख क्रिकेटच्या आधी खेळयंत्राने करून दिली असणार. बाकी बहुतेक घरांत कन्सोल डबा टीव्हीलाच जोडला जाई, आणि ओटिसचे निरोप आपल्याकडेही कोणाला वाचता येत नसणार.

बसण्याच्या अंतराचा हिशेब कंपन्या कधी सांगत नाहीत, तो घरी करता येतो. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ४० इंची पडद्यावर १०८०पीचा एक ठिपका ०.४६ मिलिमीटर रुंद असतो, सुमारे १.६ मीटरच्या पुढे शेजारचे दोन ठिपके डोळ्याला एकच वाटतात. ५५ इंची पडद्यावर १०८०पीसाठी हे अंतर २.२ मीटर, ४केसाठी जेमतेम १.१ मीटर. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून ५५ इंची टीव्ही पाहणाऱ्याला ४के आणि १०८०पीच्या सिनेमात फरक दिसत नसेल, तर त्याचा चष्मा बदलायची गरज नाही. खेळाचं चित्र मात्र कॅमेऱ्याने टिपलेलं नसतं, ठिपक्याठिपक्याने मोजून काढलेलं असतं. त्यामुळे तिरप्या कडांवर पायऱ्या पडतात, आणि पात्र हललं की त्या पायऱ्या चकाकतात. ही चकाक दूरवरूनही डोळ्यात भरते. म्हणून खेळ आतून जास्त ठिपक्यांवर काढण्याला अर्थ आहे, ते पडद्यावर मोजता आले नाहीत तरी.

इथपर्यंत मी एचडीएमआयच्या विरोधात बोललो असं वाटेल. आजची गोष्ट वेगळी आहे, आणि ती चित्राच्या स्पष्टतेपेक्षा वेळेशी जास्त निगडित आहे.

साध्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. कन्सोलला एखादी फ्रेम काढायला १७ मिलिसेकंद लागले तर गाडी चुकली: ती फ्रेम पुढच्या फेरीला, ३३.३ मिलिसेकंदांवर दिसते, नाहीतर अर्धं जुनं आणि अर्धं नवं चित्र पडद्यावर फाटल्यासारखं दिसतं. त्यामुळे वर्षानुवर्षं कर्त्यांपुढे ६० नाहीतर थेट ३० एवढाच पर्याय होता. नोव्हेंबर २०१७मध्ये एचडीएमआय २.१ प्रसिद्ध झालं. वाहण्याची जागा १८वरून ४८ गिगाबिटवर गेली, ४के चित्र १२० हर्ट्झवर नेता येऊ लागलं, आणि व्हीआरआर आलं, म्हणजे फ्रेम तयार होईल तेव्हा पडदा बदलण्याची सोय. २०२०च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर हे पोर्ट आहे. प्लेस्टेशनला व्हीआरआरचं अपडेट एप्रिल २०२२मध्ये मिळालं.

याचा उपयोग कसा होतो ते 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये पाहावं. २०२१च्या या खेळाला इन्सोम्नियाकने नंतर ४० फ्रेमची सोय दिली. ४०ने ६०ला नीट भाग जात नाही, १२०ला जातो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम तीन फेऱ्या टिकते, बरोबर २५ मिलिसेकंद. हे १६.७ आणि ३३.३ यांच्या अगदी मध्यावर आहे. ३० फ्रेमच्या वेळचा सगळा देखणा तपशील राहतो आणि हातातला कंट्रोलर कितीतरी चपळ वाटतो. हा पर्याय ६० हर्ट्झच्या जोडणीवर अस्तित्वातच नाही. २००६मध्ये तारेने जे केलं नाही ते इथे तारेनेच केलं आहे.

वेळेचा दुसरा भाग टीव्हीच्या हाती आहे. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला, रंग सजवायला फ्रेम अडवून धरतात. काही टीव्हींत बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यात त्यापायी शंभर मिलिसेकंदांच्या आसपास भर पडते. गेम मोड लावला की ती पुष्कळ खाली येते. जुन्या डबा टीव्हीत ही अडवणूक जवळजवळ नव्हतीच, म्हणून २००१चा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मिली' स्पर्धेत खेळणारे आजही डबे घेऊन बसतात. नव्या एचडीएमआयवर कन्सोल स्वतःच टीव्हीला गेम मोडमध्ये ढकलू शकतो. ज्या घरांत कोणी सेटिंग उघडत नाही, तिथे ही सोय ४केपेक्षा जास्त उपयोगाची आहे असं मी म्हणेन.

इथेही सगळं सरळ नाही. निन्टेन्डोचा स्विच २ जून २०२५मध्ये आला. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर व्हीआरआर चालतं, डॉकमधून टीव्हीला लावलं की चालत नाही. टीव्ही विकणाऱ्यांकडचा गोंधळ त्याहून मोठा आहे. एचडीएमआय २.०ची आवृत्ती आता स्वतंत्रपणे मोजली जात नाही, ती २.१च्या नियमांत सामावली आहे, आणि २.१मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. त्यामुळे १२० हर्ट्झ नाही, व्हीआरआर नाही, तरीही खोक्यावर 'एचडीएमआय २.१' छापलेलं चालतं. ज्यांत या सोयी आहेत त्यांतल्याही अनेक टीव्हींना चारपैकी दोनच पोर्टांवर त्या मिळतात, आणि त्यातलं एक बहुधा साउंडबारसाठी राखलेलं ईआर्कचं पोर्ट असतं. साउंडबार आणि दोन कन्सोल असलेल्या घरात लगेच मारामारी.

केबलचं थोडक्यात सांगतो. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र पूर्ण येतं. नाही पोचले तर चमचम ठिपके दिसतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने रंग गडद होत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत केबल घेताना ४के १२० हवं असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड'चा क्यूआर कोड असलेला शिक्का पाहा, लांबी दोन मीटरच्या आसपास ठेवा, आणि याहून जास्त पैसे त्यात घालू नका.

माझा निवाडा असा आहे. जुनं प्लेस्टेशन ३ किंवा एक्सबॉक्स ३६० कॉम्पोनंटने जोडलेलं असेल तर निवांत खेळा. प्लेस्टेशन ४ किंवा पहिला स्विच असेल तर कुठलंही एचडीएमआय पुरेसं आहे. प्लेस्टेशन ५ किंवा सिरीज एक्ससाठी टीव्ही घेत असाल, तर दुकानात जाण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि प्रत्येक पोर्टपुढे कुठले सिग्नल चालतात तो तक्ता शोधा. तिथे ४के १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर लिहिलेलं नसेल, तर खोक्यावरच्या 'एचडीएमआय २.१' या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.